पहारेकऱ्यांची पंगत

परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघं मला रागावलात. माझ्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात सुरक्षेची एक चौकट येते, ‘आत्ता बसवू की नंतर?’ असं विचारते, आणि मी दर वेळी ‘नंतर’ दाबते, हे मी स्क्रीन शेअर केल्यामुळे तुम्हाला इतक्या लांबून दिसलं. मोठीने कपाळाला हात लावला. धाकटा म्हणाला, “आजी, ते काही लग्नाचं स्थळ नाहीये, लगेच हो म्हणायला काय होतं?”

बाळा, तू नेमकं तेच म्हणालास म्हणून मला हसू आलं, आणि तुला वाटलं कॉल अडकला. आता ते का, हे क्रमाने सांगते.

कॉलेजातल्या इंग्रजीच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी काही वर्षं नारायण पेठेतल्या एका वधू-वर सूचक मंडळाचं कार्यालय सांभाळत असे. तुमच्या पिढीत लोक लग्नासाठी मोबाइलवर बोट फिरवतात. आमच्याकडे त्यासाठी एक मजला चढून यावं लागे, चपला जिन्यात काढाव्या लागत आणि चौकशीच्या टेबलापाशी बसलेल्या काकूंच्या नजरेखालून जावं लागे. ते दिवस असे होते की ज्या मुलाला संगणक येत होता तो अमेरिकेला चालला होता, आणि अमेरिकेला चाललेल्या मुलाला सुट्टी संपायच्या आत लग्न करून हवं होतं. कागदांच्या गठ्ठ्यांतून इतक्या घाईने मुली सापडेनात. म्हणून मंडळाने बाराएक संगणक घेतले आणि ते तारांनी एकमेकांना जोडले. एका खोलीत वधू विभाग, दुसऱ्या खोलीत वर विभाग, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी, सगळ्यांचा मुख्य संगणक.

त्या सगळ्याची जबाबदारी माझ्याकडे कशी आली? आमच्या अध्यक्षाबाईंनी बैठकीत सांगितलं, “संगणकावर सूचना येतात त्या इंग्रजीत. इंग्रजी तुम्हाला येतं. मग अजून चर्चा कसली?” अध्यक्षाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. पांढराशुभ्र अंबाडा, आवाज खणखणीत, आणि एकदा बोलल्या की विषय संपला. मी प्रत्येक संगणकाला अभ्रे शिवून घेतले, उंदराखाली घालायला रबरी चौकोन आणले, आणि मला वाटलं व्यवस्था लागली.

मग एक मुलाचे वडील मुलाची माहिती आणि फोटो फ्लॉपीवर घेऊन आले. फ्लॉपी म्हणजे चौकोनी, चपटी, खाकऱ्याच्या तुकड्याएवढी वस्तू. तिच्यावर आजचा तुमचा एक फोटोसुद्धा मावणार नाही. चौकशीकाकूंनी ती संगणकात घातली. मुलाचा फोटो काही दिसला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या सगळ्या सभासदांना अध्यक्षाबाईंच्या नावाने एक इंग्रजी ईमेल गेली: ‘माझे खास फोटो पाहा, फक्त तुमच्यासाठी.’

दुसऱ्या कुठल्या कार्यालयात लोक व्हायरस म्हणून घाबरले असते. आमचे सभासद लग्नाला आलेले. त्यांनी रीतसर उत्तरं पाठवली. एकाने लिहिलं, ‘फोटो उघडत नाही, कृपया पत्रिका पाठवावी.’ दुसऱ्याने, ‘मुलगी नोकरी करणारी आहे का ते कळवावे.’ आणि एका निवृत्त गृहस्थांनी थेट, ‘पसंत. पुढील बोलणी कोणाशी करावीत?’

मी ते छापून अध्यक्षाबाईंपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटचं उत्तर पुन्हा वाचलं. “आमच्या ह्यांनी तीन वेळा बघून मग होकार दिला होता,” त्या म्हणाल्या, “आणि हे न बघता.” मग चष्मा काढला. “बंदोबस्त करा.”

बंदोबस्त करणारा आला तो एका संगणक-सुरक्षेच्या कंपनीतला मुलगा. मूळचा विदर्भातला, धायरीला चार मित्रांबरोबर खोली घेऊन राहणारा. उंच, सडपातळ, शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि हातात एका सीडीची डबी, देवाच्या प्रसादासारखी जपून धरलेली.

“नमस्ते मॅडम. ते सिक्युरिटीचं काम होतं न, त्याच्यासाठी आलो मी.”

“चपला जिन्यात काढल्यात?” चौकशीकाकूंनी विचारलं.

“काढल्या न.”

“रांगेत?”

तो पुन्हा खाली गेला आणि रांगेत लावून आला. त्यावरून चौकशीकाकूंचं त्याच्याबद्दल चांगलं मत झालं.

आम्ही सगळ्या जमलो तेव्हा त्याने काम समजावून सांगितलं. “कसं आहे मॅडम, प्रत्येक मशीनवर एक पहारेकरी बसवायचा. म्हणजे प्रोग्रामच, पण पहारेकरीच समजा. काही वाईट आलं की तो अडवते अन् मुख्य मशीनला सांगते. अन् मुख्य मशीनवरूनच मी सगळ्यांना तो पाठवून राहिलो. मले जागोजागी फिरायची गरज नाही.”

“रात्री पण राहणार का तो?” अध्यक्षाबाईंनी विचारलं.

“चोवीस तास मॅडम.”

“इथे मॅडम कोणी नाही. काकू म्हणा. आणि माझ्या नावाने पुन्हा फोटो जाता कामा नयेत.”

मुख्य संगणकाच्या पडद्यावर त्याने एक नकाशा दाखवला. आमचा प्रत्येक संगणक म्हणजे एक ठिपका. पहारेकरी नसेल किंवा त्या संगणकाचा पत्ताच नसेल तर लाल, पहारेकरी बसला की हिरवा. त्या घडीला सगळं पडदाभर गोवर उठल्यासारखं लाल होतं.

“शनिवारी सकाळी आमचे साहेब पाहायला येते,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा खाली आला. “माझं पहिलंच स्वतंत्र काम आहे. सगळे ठिपके हिरवे दिसले तर मी नोकरीत कायम. एक जरी लाल राहिला तर...”

“तर?”

“तर वापस गावाला. बाबांचं खताचं दुकान आहे. ते वाटच पाहून राहिले.”

एवढं ऐकलं आणि वधू विभागातल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ती नजर ओळखत होते. उंची चांगली, शिक्षण चांगलं, घरचं दुकान, निर्व्यसनी दिसतोय. अडचण एकच होती: मंडळाच्या नियमाप्रमाणे ‘नोकरी कायम’ असल्याखेरीज मुलाची नोंदणी करता येत नसे. म्हणजे त्या शनिवारकडे तो जितक्या धास्तीने पाहत होता, तितक्याच आशेने आमच्या बायका पाहू लागल्या.

तुम्ही म्हणाल, मग त्याने प्रत्येक संगणकापाशी जाऊन स्वतःच बटण का दाबलं नाही? नाही चालायचं. मंडळाचा दुसरा नियम होता की बाहेरच्या माणसाने, त्यातून अविवाहित पुरुषाने, मुलींची माहिती असलेल्या संगणकासमोर बसायचं नाही. नियम मीच इंग्रजीत लिहून भिंतीवर लावला होता आणि अध्यक्षाबाईंनी त्याखाली मराठीत ‘अपवाद नाही’ असं लिहिलं होतं. त्यामुळे तो बिचारा पिंपाशेजारी स्टुलावर बसून मुख्य संगणकावरून पहारेकरी पाठवणार, आणि आमच्या बायका आपापल्या जागी त्याला आत घेणार, असं ठरलं.

त्याने पाठवला. प्रत्येकीच्या पडद्यावर चौकट उमटली: ‘आत्ता बसवू की नंतर?’

सगळ्यांनी ‘नंतर’ दाबलं.

त्याने पुन्हा पाठवला. पुन्हा सगळ्यांनी ‘नंतर’. दुपारपर्यंत तो पाठवत होता आणि कार्यालय त्याला परत पाठवत होतं. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. “काकू, काही चुकलं का माझं?”

“तुमचं कशाला चुकेल?” चौकशीकाकू म्हणाल्या. “पण आल्या आल्या कोणी ‘आत्ता येऊ का’ विचारतं का? आम्ही मुलींच्या आईबापांना काय शिकवतो? पहिल्या भेटीत होकार द्यायचा नाही. उतावीळ दिसतं.”

“पण तो पहारेकरी आहे काकू. जावई नाही.”

“घरात कायमचा राहायला येणार ना? मग चौकशी नको?”

आणि त्यांनी खरंच चौकशी केली. त्याच्या कंपनीने याआधी हा पहारेकरी कुठे बसवलाय ते त्याच्याकडून विचारून घेतलं आणि माझ्या टेबलावरच्या फोनवरून त्या कार्यालयाला फोन लावला. मला एकच बाजू ऐकू येत होती. “हो, तुमच्याकडे बसवलाय ना पहारेकरी? ... स्वभावाने कसा आहे? ... हो का. मधे मधे बोलतो का? ... अरे वा. आणि आला तेव्हापासून तुमचं मशीन सावकाश झालंय? ... ते होणारच हो, लग्न झाल्यावर सगळेच सावकाश होतात.” फोन ठेवून त्यांनी जाहीर केलं, “माहिती चांगली आहे. सकाळी उठायला वेळ लागतो म्हणतात, बाकी काही नाही.”

तरीही हिरवा ठिपका एकही नाही. कारण माहिती चांगली असली तरी होकार कोणी आधी द्यायचा? वधू विभाग म्हणे वर विभागाने दिल्यावर आम्ही देऊ. वर विभाग म्हणे आम्ही विचार करून कळवतो. मंडळात ‘विचार करून कळवतो’ या तीन शब्दांचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. ज्याला नाही म्हणायचं आहे पण जिन्यात पुन्हा भेटायचं आहे, तो असं म्हणतो.

त्या मुलाने माझ्या फोनवरून कर्वेनगरला, त्याच्या ऑफिसात फोन लावला. पलीकडे त्याच्याच कामातली कोणी मुलगी असे. अडलं की तो तिला विचारी. “अगं, सगळे नंतरच म्हणून राहिले... नाही, मशीन ठीक आहे... माणसंच तशी आहे न इथली... हसू नको न.”

“नोकरीच्या ठिकाणी अगं-तुगं करतात आजकाल,” चौकशीकाकू माझ्या कानाशी म्हणाल्या. “नवी पद्धत.” आणि त्याच्यासाठी मुली शोधायला पुन्हा वधू विभागात गेल्या.

आता मला हा गोंधळ पाहवेना. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. मसाल्याच्या डब्यातसुद्धा वाट्या मी एका क्रमाने लावते. मी म्हटलं, प्रश्न विचारला की उत्तर ‘नंतर’ येणार. तेव्हा विचारायचंच नाही. वेळ ठरवून टाकायची. लग्नात नवरीला कोणी ऐन वेळी विचारतं का, आत्ता की नंतर? अंतरपाट दूर झाला की झालं.

हे सगळ्यांना पटलं, आणि मला वाटतं फारच पटलं. मी म्हटलं होतं ‘वेळ’. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याचा ‘मुहूर्त’ झाला होता. मंडळात पत्रिका जुळवणारे एक गुरुजी होते. त्यांचाही एक संगणक होता, त्यावर ते पत्रिका काढत, आणि मग बोटांच्या पेरांवर मोजून संगणक बरोबर आहे का ते तपासत. गुरुजींनी अकराच्या सुमाराचा मुहूर्त काढला. बायका बऱ्या साड्या नेसून आल्या. चौकशीकाकूंनी मुख्य संगणकाला हळदकुंकू लावलं आणि नारळ ठेवला. सगळ्यांच्या मुठीत अक्षता.

तो मुलगा हे सगळं पाहत भिंतीला टेकून उभा होता. “काकू, अक्षता टाका, पण मशीनपासून दूर टाका बाप्पा. पंख्यात गेली तर भलतंच होऊन जाईन.”

“आम्हाला लग्नं शिकवू नका,” चौकशीकाकू म्हणाल्या.

गुरुजी दोन्ही खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभे राहिले. घड्याळाकडे पाहत त्यांनी आवाज लावला, “सावधाऽऽन!” आणि नारायण पेठेतल्या त्या मजल्यावर सगळ्या बायकांनी एका क्षणी, एका ठोक्याला, ‘आत्ता’ दाबलं. अक्षता उडाल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

मग काहीच झालं नाही.

म्हणजे फार झालं. मुख्य संगणक आधी घुरघुरला, मग त्याच्या पोटात अक्षतेचा एक दाणा खुळखुळू लागला, आणि मग तो गप्प झाला. सगळ्या पडद्यांवर वाळूचं घड्याळ उलटंसुलटं होत राहिलं. सगळ्यांनी आपापले पहारेकरी एका दारातून एका क्षणी ओढले होते, आणि दार होतं आमच्या जिन्याएवढंच अरुंद.

मुलगा फोनकडे धावला. “हो, अडकला... कारण सगळ्यांनी एकदम दाबलं न... एकदम म्हणजे एकदम, मुहूर्त होता... मुहूर्त! लग्नात असते तो... अगं ऐक न, हसणं नंतर. शनिवार परवावर आला.” त्याने पाठ फिरवली, पण मला ऐकू आलं. “हो. माहीत आहे मले. सगळं शनिवारवर आहे. तू नको सांगू.”

तो खुर्चीत बसला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला खताचं दुकान डोळ्यांसमोर दिसू लागलं. वधू विभागातल्या एकीने तर आधीच काढून ठेवलेली चार मुलींची पाकिटं हळूच खणात सरकवली.

अध्यक्षाबाईंनी पदरावरची अक्षता झटकली. “सगळं वऱ्हाड एकदम जेवायला बसलं तर वाढप्यांनी काय करायचं? पंगती करा की.”

मुलाने मान वर केली. “काय म्हणाल्या काकू?”

“पंगत हो. तुमच्या विदर्भात जेवत नाहीत का? आधी चौघी बसतील. त्यांचं ताक-भात होऊन त्या उठल्या की पुढच्या चौघी.”

तो पुन्हा फोनवर. “इथल्या काकू म्हणते चार-चार करा... तू पण तेच म्हणून राहिली? मग आधी काहून नाही बोलली?”

झालं. आता पंगती मांडायचं काम माझ्याकडे. सोपं वाटलं ना? पहिल्या पंगतीचा मान कोणाचा, यावरून दुपार गेली. वर विभाग म्हणाला, वरपक्ष आधी बसतो, आजवर असंच चालत आलंय. वधू विभागातल्या सगळ्यात शांत बाई, ज्यांचा आवाज मी वर्षभरात धड ऐकला नव्हता, त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नात आम्ही संध्याकाळी साडेचारला जेवलो. गार भात. आज आधी आम्ही.” पहिली पंगत वधू विभागाची, दुसरी वर विभागाची, आणि शेवटी गुरुजी, चौकशीकाकू आणि मी. घरची माणसं नेहमीच शेवटी.

मुलाने मुख्य संगणक उघडून चिमट्याने अक्षता काढली, गुरुजींच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, “तुमचा आशीर्वाद वापस.” मग शुक्रवारी पंगती बसल्या. चौकशीकाकू दारात उभ्या राहून हाळी देत होत्या, “पहिली पंगत उठली का? रिस्टार्ट झालं का सगळ्यांचं? मग दुसरी बसा!” एकेक ठिपका हिरवा होत गेला. स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही वाकून वाकून पाहत होतो. शुक्रवारी संध्याकाळी सगळा पडदा हिरवा होता, आणि त्या मुलाने दिवसभरात पहिल्यांदा चहा गरम असताना प्यायला.

शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून लवकर आला. पिंपाशेजारी बसला, मुख्य संगणक सुरू केला आणि ओरडला, “काकू! एक लाल आहे!”

गुरुजींचा.

गुरुजी आपल्या खोलीत शांत बसले होते. समोर संगणक काळाठिक्कर, आणि प्लग भिंतीतून काढून टेबलावर ठेवलेला.

“गुरुजी, लावा न तो,” मुलगा हात जोडून म्हणाला. “बंद असला की पहारेकरी दिसत नाही. साहेब येतेच आहे.”

“राहुकाळ आहे,” गुरुजी म्हणाले. “शनिवारी सकाळचा असतो. राहुकाळात मी यंत्र सुरू करत नाही. संपला की लावतो.”

“कधी संपते?”

“साडेदहाला.”

साहेब दहाला येणार होते. मुलाने भिंतीवरच्या नियमाकडे पाहिलं, प्लगकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी गुरुजींना इंग्रजीत समजावून पाहिलं. का कोण जाणे, माझं फार अडलं की मी इंग्रजीत शिरते. गुरुजी डोळे मिटून ऐकत राहिले. तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि चौकशीकाकू जिन्याच्या तोंडाशी धावल्या. “आले! मी पोहे टाकते. कोणी विचारलं तर मंडळात पाहुण्याला पोह्यांशिवाय आत सोडत नाहीत.”

ते खोटंही नव्हतं.

साहेब वर आले. टाय लावलेले, घाईतले. “सिस्टिम बघतो आणि निघतो,” ते म्हणाले. चौकशीकाकूंनी त्यांना बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसवलं आणि मुलाकडच्यांची करतात तशी सरबराई सुरू केली. “गाव कुठलं तुमचं? ... मग तिकडचे तुमचे कोण? ... बरं, आमचा हा मुलगा कामाला कसा आहे? रागीट वगैरे?” साहेब उत्तरं देऊ लागले. काकूंपुढे सगळेच देतात.

इकडे गुरुजींच्या खोलीत अध्यक्षाबाई आल्या. त्यांनी काळा पडदा पाहिला, प्लग पाहिला.

“गुरुजी, राहुकाळात काय करू नये?”

“नवीन कार्य आरंभू नये.”

“तुमचं यंत्र रोज सकाळी चालू असतं. हो ना?”

“हो.”

“मग आज ते बंद ठेवलंत, हे नवीन.”

गुरुजींनी डोळे उघडले. अंगठा पेरांवर सरकला, एकदा इकडे, एकदा तिकडे. बाहेरून चौकशीकाकूंचा आवाज, “अजून घ्या ना, लाजता काय? लिंबू पिळू का?”

“मुद्दा ग्राह्य आहे,” गुरुजी म्हणाले, आणि उठून त्यांनी स्वतः प्लग लावला.

त्या चौकशीत कळलेलं आठवतं ना, पहारेकऱ्याला सकाळी उठायला वेळ लागतो म्हणून? ते अगदी खरं होतं. साहेबांचे पोहे दोनदा झाले. चहा झाला. चौकशीकाकू त्यांच्या मेव्हण्याच्या मुलीची जन्मवेळ विचारू लागल्या होत्या तेव्हा साहेब निग्रहाने उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. आम्ही सगळे मागे. पडदाभर हिरवं, मधे एक लाल ठिपका. साहेबांनी बोट त्याच्याकडे नेलं. मुलाने डोळे मिटले. बोट पडद्याला टेकलं, आणि त्याच क्षणी ठिपका हिरवा झाला.

साहेबांनी दचकून बोट मागे घेतलं. त्यांना बहुतेक वाटलं आपल्या हातून काही झालं. “ठीक आहे,” ते म्हणाले. “सोमवारी येऊन कायमचं पत्र घेऊन जा.” मग मला म्हणाले, “पोहे उत्तम होते. पण त्या बाईंना सांगा, मेव्हण्याची मुलगी सातवीत आहे.”

साहेबांची गाडी वळली असेल नसेल, खणातून पाकिटं बाहेर आली. वधू विभाग, वर विभाग, सगळ्या पिंपाभोवती. चार मुलींचे फोटो त्याच्यापुढे ठेवले. “ही एम. कॉम. ही गाते. ही उंचीला तुम्हाला अगदी शोभेल. बोला, कधी दाखवू?”

त्याने फोटो नीट गोळा केले, कडा जुळवल्या, चौकशीकाकूंच्या हातात परत दिले आणि फार आदराने म्हणाला, “विचार करून कळवतो काकू.”

त्या वाक्याचा अर्थ आमच्याइतका त्या शहरात कोणाला माहीत नव्हता. त्याने सीडीची डबी खिशात घातली, माझ्या टेबलापाशी आला, “एक शेवटचा फोन करू का?” म्हणाला, कर्वेनगरचा नंबर लावला आणि फोनमध्ये एकच शब्द बोलला. “झालो.”

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. पण त्याचे कान गुरुजींच्या कुंकवासारखे लाल झाले.

काही महिन्यांनी ते दोघं जोडीने पेढे आणि लग्नाची पत्रिका घेऊन आले तेव्हा कळलं. तिने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, कायम झालास की मगच माझ्या घरी विचारायला ये. आवाजावरून मी तिला ओळखलं. फोनमधून बाहेर सांडणारं ते हसू मी चार दिवस ऐकलं होतं. ती माझ्या पाया पडून म्हणाली, “मुहूर्तवाल्या काकू तुम्हीच ना?” चौकशीकाकू बराच वेळ पेढ्याकडे बघत होत्या. साऱ्या पुण्यातली स्थळं जुळवणारं आमचं मंडळ, आणि हे स्थळ आमच्याच टेबलावरच्या फोनवर, आमच्या कानाशी जुळत होतं. “नवी पद्धत,” शेवटी त्या म्हणाल्या, आणि पेढा तोंडात टाकला.

लग्नाला आम्ही सगळे गेलो. कर्वेनगरातलं कार्यालय, विदर्भाकडून आलेलं मोठं वऱ्हाड, खतवाले बाबा फेटा बांधून सगळ्यांना मिठ्या मारत होते. अक्षता पडल्या, पंगती मांडल्या. मुलीचे काका हात जोडून आमच्यापुढे आले. “पहिली पंगत बसतेय. आत्ता बसता की नंतर?”

आम्ही सगळ्या, वधू विभाग, वर विभाग, अध्यक्षाबाईसुद्धा, एका आवाजात म्हणालो, “नंतर.”

दुसऱ्या पंगतीपर्यंत जिलबी संपली होती.